पिल्लांचे पाय

१४ मार्च

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. माझं अक्षर पाहून दचकू नकोस. मी ठीक आहे. तू पाठवलेली बदकाची पिल्लं ठीक नाहीत, म्हणून हे लिहिणं.

आठांपैकी पाच चालतात. दोन बसल्या बसल्या सरकतात. सगळ्यात लहान, ते पिवळं, पाण्याच्या ताटलीपर्यंतही पोचत नाही. तीन आठवड्यांची पिल्लं, अंगानं गुबगुबीत, आणि पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले.

चूक माझी. टोपलीत तुझी चिठ्ठी होती : ‘ताई, कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देणार असशील तर त्यात यीस्ट घाल.’ त्यावर फोन करून मी तुला विचारलं, रसायनशास्त्र मी शिकवलं की तू? तू फोन ठेवलास, तो आजतागायत. कोठीत कोंबड्यांच्या वेळचं अर्धं पोतं पडलं होतं, तेच घातलं. पिल्लं ती पिल्लं, म्हटलं.

परवा पशुवैद्य आले. पोत्यावरचं वाचून म्हणाले, “बाई, बदकाला नायसिन, म्हणजे एक ब-जीवनसत्त्व, कोंबडीपेक्षा बरंच जास्त लागतं. यानं पोट भरतं, पायांत जोर येत नाही.” आता पाण्यात औषधाची भुकटी, भिजवलेल्या खाद्यावर यीस्ट, आणि खाली कागदाऐवजी गोणपाट, म्हणजे पाय घसरत नाहीत. मग म्हणाले, “बरीचशी सुधारतील. पण सांध्याचा बाक पक्का झाला असेल, तर औषधाला उशीर झाला म्हणायचं.”

“उशीर म्हणजे किती?”

त्यांची नजर माझ्या पावलांकडे गेली. “तुम्ही भिंत धरून का चालता?”

फरशी ओली आहे, म्हटलं. फरशी कोरडी होती.

दोन महिने पावलांना मुंग्या येताहेत. चप्पल पायातून निसटते, ते मागे वळून पाहिल्यावर कळतं. सोमवारी खुराड्याशी पडले. शेजारीण धावत आली, तिला सांगितलं, जरा टेकले होते. हे गेल्यापासून एकटीसाठी चूल कोण पेटवतं? सकाळी चहा-पाव, संध्याकाळी पाव-चहा. तू नको म्हणून किती कानीकपाळी ओरडलीस. तेव्हाही मीच शहाणी.

शेजारणीनं ओढत डॉक्टरकडे नेलं. रक्त घेतलं. अहवालाचं पाकीट आलंय. ते यीस्टच्या डब्याखाली आहे. दिवसातून तीनदा डबा उचलते, यीस्ट काढते आणि डबा पुन्हा पाकिटावर ठेवते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका बेधडक तपासल्या, आणि एक पाकीट फोडवत नाही.

आज पिवळं उभं राहायला गेलं. क्षणभर राहिलं, मग कोलमडलं. मी ओरडले, “ऊठ!” माझ्या वर्गात ऐकायचे. यानं नुसतं पाहिलं.

धाकटे, मला भीती वाटते. पिल्लांसाठीही, पण फक्त पिल्लांसाठी नाही.

ये. त्या फोनबद्दल काय बोलायचंय ते तोंडावर बोल, मी ऐकून घेईन. पाकीट तू फोड. दार नुसतं लोटून ठेवते. कडी काढायला मी उठून येईपर्यंत, घरात कोणी नाही असं वाटून तू परत जाशील.

तुझी वाट पाहणारी,
ताई