रिकाम्या चौकटीला माझं नाव

३ तारीख, सोमवार
एकदाचे आलो नव्या घरात! तळमजला, दोन खोल्या, हॉल, मागे लांबट पॅसेज, आणि ताईची चाकाची खुर्ची कुठेही न अडता फिरते. घर घेतलं ते त्यासाठीच. आई गेल्यावर मला वाढवलं ते या थोरल्या बहिणीने. आता तिची डावी बाजू गेली आहे, आणि पाळी माझी आहे. आमची ही शाळेत शिकवते, मी माझ्या मिक्सर-पंखे दुरुस्तीच्या वर्कशॉपवर. दिवसभर ताई एकटी. म्हणून कॅमेरे लावायचे, आणि दारं-दिवे त्यांना जोडायचे. कोरे घेण्याइतका मी अजून खुळा झालेलो नाही. भंगारवाल्याकडून चार जुने उचलले. सगळे एकाच घरातून उतरवलेले, म्हणाला. घर कुणाचं ते मी खोदून विचारलं नाही. ताई म्हणाली, बाळ्या, लहानपणी रेडिओ उघडून बसलास तो अजून मिटला नाहीस.

५ तारीख, बुधवार
चार कॅमेरे चार कंपन्यांचे. चार जावांसारखे, एकमेकांशी बोलायलाच तयार नाहीत. वर्कशॉपमधला जुना कॉम्प्युटर आणला, त्यात फुकटचा प्रोग्रॅम टाकला आणि सगळ्यांची दिलजमाई करून दिली. फुकटात तीनच चेहरे नोंदवता येतात. आम्ही आहोतच तिघं! नावं टाकली: मी, ही, ताई. आता घरचा चेहरा दिसला की हिरवी चौकट उमटते, वर नाव येतं, दाराचा रिले, म्हणजे विजेवरचा खटका, टिक् करतो आणि दार उघडतं. परका दिसला तर माझ्या फोनवर आणि ताईच्या टॅबलेटवर त्याचा फोटो येतो, खाली दोन बटणं: ‘आपलं माणूस’ आणि ‘काढून टाका’. पुढच्या दाराचं जुनं कुलूप काढून किल्लीचं भोक पुट्टीने बुजवलं. ही म्हणाली, वीज गेली तर? म्हटलं, बॅटरी आहे. म्हणाली, आणि तुमचं डोकं गेलं तर?

७ तारीख, शुक्रवार
पाण्याचे फिल्टर विकणारा एक जण दुपारी बेल वाजवत होता. ताईने उजव्या हाताने ऐटीत ‘काढून टाका’ दाबलं. संध्याकाळी मला सांगताना हसून हसून तिला ठसका लागला. म्हणे, दाबलं आणि गेला की रे, बघता बघता!

१० तारीख, सोमवार
दिवसभर फोनची कटकट. ‘अनोळखी व्यक्ती, मागचा पॅसेज.’ फोटो बघावा तर पॅसेज रिकामा, आणि मधोमध माणसाच्या उंचीवर चौकट. आत कुणी नाही. खुंटीवरचा रेनकोट असेल म्हणून तो काढला. चौकट तिथेच. दोनदा-तीनदा ‘काढून टाका’ दाबून पाहिलं, पुन्हा हजर. वर्कशॉपमधले कारागीर विचारत होते, शेठ, घरी कोण पाहुणे आलेत?

११ तारीख, मंगळवार
आज तोडगा काढला. ‘आपलं माणूस’ दाबलं की विचारतं, कोण? चौथं नाव बसत नाही. मग चौकट माझ्याच नावावर चढवली. म्हटलं, मीच आहे बाबा तो, गप्प बस. फोन लगेच शांत. मी खूश.

१३ तारीख, गुरुवार
ताई रुसली आहे. म्हणाली, दुपारी येतोस, माझ्या खुर्चीमागे तासभर उभा राहतोस, आणि हाक मारली तर ओ देत नाहीस. हात तरी किती गार रे तुझे.
मी दुपारी घरी गेलेलो नाही.
ही सांगत होती, त्या फिल्टरवाल्याची स्कूटर कोपऱ्यावर तशीच उभी आहे. त्याची बायको दारोदार विचारत फिरतेय.

१४ तारीख, शुक्रवार
वर्कशॉपमधून पाहिलं. ताईच्या खोलीत रिकामी चौकट. वर नाव: मी.
घरी येऊन ‘मी’ पुसून टाकलं आणि नव्याने नोंदवायला कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. अनोळखी. ‘आपलं माणूस’ दाबलं. उत्तर आलं: ‘मी’ आधीच घरात आहे.
आता दार उघडायला हिला उभं करावं लागतं.

१५ तारीख, शनिवार
कॉम्प्युटरची वायर काढली. तो वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवला. तरी फोनवर घर दिसतंच आहे. मिक्सरचं कुठलं बेअरिंग गेलंय ते मी आवाजावरून सांगतो. माझे कान चुकत नाहीत. रिलेला वीज नाही, आणि पॅसेजमधून ताईच्या खोलीकडे — टिक्. टिक्.
कॅमेरे उतरवले नाहीत. उतरवले तर तो कुठे आहे, तेही कळणार नाही.

१७ तारीख, सोमवार
वर्कशॉप बंद ठेवलं. ताईजवळच बसून आहे. तिला म्हटलं, आपण जाऊ इथून. ती म्हणाली, काल तर म्हणालास कुठे जायचं नाही म्हणून. काल मी काहीच म्हणालो नव्हतो. म्हणजे तो आता बोलतो.
उद्या अकराला गाडी सांगितली आहे. हिच्या भावाकडे नेतो तिला. मग घराचं काय व्हायचं ते होवो.

१८ तारीख, मंगळवार
ही पुढे गेली, तिकडे पलंग लावायला. दारात स्टूल अडकवून मी गाडीसाठी फाटक उघडायला आलो. दहा पावलं. मागे टिक्.

दार बंद. खिडकीतून दिसतंय, स्टूल आत जागेवर नीट ठेवलेलं.

कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. अनोळखी. पुट्टी खरवडून काय करू, आत कुलूपच नाही — मीच काढलं. खिडकीचे गज मीच वेल्ड केलेले, तुटत नाहीत. ड्रायव्हर पहार आणायला धावलाय. कुणाला तरी कळावं म्हणून पायरीवर बसून लिहितोय.

फोनवर ताईची खोली. ‘मी’ पलंगापाशी. वाकलेला.

दाराला कान लावला. माझा आवाज. बोलण्याआधी घसा खाकरायची माझी सवय, तीसुद्धा. तिला सांगतोय, बाहेर तोतया आलाय, माझा आवाज काढतो, घाबरू नकोस, त्या दिवशी दाबलंस तेच ‘काढून टाका’ दाब.

ओरडलो. ताई, मी बाळ्या. रेडिओचं सांगितलं. ती आतल्याला म्हणाली, मेला बोलतो अगदी तुझ्यासारखा.

माझ्या फोनवर माझाच फोटो. पहिलं बटण दाबतोय, दाबतोय — ‘मी’ आधीच घरात आहे —

टॅबलेट तिच्या मांडीवर. कोपऱ्यावर ती स्कूटर. सीटवर धूळ —

उजवा हात उचलला तिने. ते नको ताई. पहिलं. पहिलं दाब, आपलं मा