आप्पा ड्युटीवर गेलेत

आप्पा, तुमचा नातू, माझा पोरगा, सांगलीच्या निरीक्षणगृहात आहे. सोळा वर्षांचं पोर. मित्राच्या डोक्यात त्यानं क्रिकेटचा स्टंप घातला, 'हा माझ्याबद्दल बोलतोय' म्हणून. तो बिचारा गप मोबाईल बघत बसला होता. टाके पडले, पण वाचला.

तिथं आलेल्या प्रत्येक पोराच्या मनाची तपासणी करतात. काल त्यासाठी मलाही बोलावलं होतं. दादा सोबत आला. आटपाडीहून निघालो तसं एसटीतच त्यानं बजावलं, तुमच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. म्हणाला, माझ्या लेकीची सोयरीक औंधला ठरत आलीय, वेडाचं घराणं म्हणून बोभाटा झाला तर ती मोडेल. मी मान हलवली. मलाही तीच धास्ती होती. पण मला सारखं आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. तुम्ही पलटणीतून सुट्टीवर आलाय, भिंतीला कान लावून उभे आहात आणि आईला म्हणताय, "चूल इझव, धूर बघून येतील ती." मी हातात भाकरी धरून तुमच्याकडे बघते आणि मला तुमची भीती वाटते. पुढं तुम्हाला मिरजेला दवाखान्यात ठेवलं, आणि आईनं गावाला सांगितलं, ड्युटीवर गेलेत. आम्हीही तेच सांगत आलो, तुम्ही वारल्यावरसुद्धा दवाखान्याचं नाव काढलं नाही.

तपासणीच्या मॅडम पोराला मायेनं विचारत होत्या. झोप लागते का, जीव नकोसा होतो का, कुणी नसताना आवाज येतात का. सगळ्याला याचं "न्हाई". मान खाली, बोट कानात. मग त्यांनी मला विचारलं, घरात कुणाला असा त्रास होता का? दादानं माझ्या पायावर पाय दिला. पण त्या बोटाकडं बघवेना. मी म्हणाले, "व्हय. माझ्या वडलांना. भिंतीतनं माणसं बोलल्याली ऐकू यायची त्यांना."

पोरानं मान वर केली.

"आई, आज्जाला बी ऐकू यायचं?"

दादा उठून बाहेर गेला. मॅडमनी पोराला पहिल्यापासून परत विचारलं आणि तो बोलला, लय बोलला. आता मोठ्या डॉक्टरांना दाखवणार आहेत. औंधचा फोन काही आलेला नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. त्यानं 'आज्जाला बी?' असं विचारलं तेव्हा मला त्याला जवळ घ्यायचं होतं, आणि भाकरी धरून तुमच्याकडे बघायची तशी त्याच्याकडे बघत मी खुर्ची मागं सरकवली.