कानाचं यंत्र आणि पोथीची जागा

दादा, तुम्हांला जाऊन वीस वर्षं झाली, आणि आता माझेही कान गेले. आपल्या घरचंच दुखणं, त्यात नवल नाही. पण मी नगरहून कानाचं यंत्र आणलं. आगपेटीहून मोठी डबी खिशात, तिच्यात सेल, आणि तिथून कानापर्यंत वायर. गावात असं यंत्र दुसऱ्या कुणाकडे नाही. ऐकू न येणारे पुष्कळ आहेत, पण 'आता ऐकून काय करायचं' म्हणून पारावर गप्प बसतात. मी लपवलं नाही. डबीचं चामड्याचं कव्हर देवळात चालायचं नाही, म्हणून तुमच्या सुनेनं खणाच्या तुकड्याची पिशवी शिवली. श्रावणात मारुतीपुढे पोथी वाचायला बसलो, तर अर्थ सांगणारे अण्णा म्हणाले, "रेडिओ आनला व्हय? पावसाचं काय म्हनत्यात ते आमालाबी सांगा." लोक हसले. मला ते हसणं नीट ऐकू आलं, म्हणून मीही हसलो.

त्याच जागेवर तुम्ही बसायचात. तुम्ही ओवी वाचायची, अण्णांच्या वडिलांनी अर्थ सांगायचा. अजून दिसतं मला. त्यांचा अर्थ संपायच्या आत तुम्ही पुढची ओवी सुरू करता, लोक माना खाली घालून हसतात. घरी येताना तुम्ही विचारता, "काय झालं रं?" मी म्हणतो, "काई न्हाई." पुढच्या श्रावणात मंडळींनी पोथी माझ्यापुढे ठेवली. तुमचं वय झालं, आता आराम करा, असं मीच तुम्हांला सांगितलं. तेव्हापासून तुम्ही खांबाला टेकून रोज आरतीपर्यंत बसायचात, एक अक्षर ऐकू येत नसताना.

परवा वाचता वाचता सेल संपला. अण्णांचे ओठ हलताना दिसत होते, पण अर्थ कुठं संपतो ते कळेना. पुढच्या ओवीवर बोट ठेवून मी थांबून राहिलो. तेवढ्यात अण्णांनी माझ्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली. मी वाचू लागलो. असंच करत अध्याय पुरा झाला, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

यंत्र चांगलं आहे. आता जादा सेल आणून ठेवलेत, आणि पारावरच्या एकाला सोमवारी नगरला घेऊन जाणार आहे. हा कागद पोथीच्या फडक्यात बांधून ठेवीन, दुसरीकडे कुठं पाठवणार? पण एक लिहायचं राहिलं. गुडघ्यावर बोटं टेकवायचं मला तेव्हाच सुचलं होतं, दादा. तुमच्या शेजारी बसून तेवढं केलं असतं, तर तुम्ही शेवटपर्यंत वाचत राहिला असता. मी कुणाला बोललो नाही. मला ती जागा हवी होती.