पावडीवरचा ठोकळा

बाबा, माझ्या खुब्यात आता धातूची एक वाटी आहे, आणि ती जगात दुसऱ्या कोणालाही बसणार नाही. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा डावा पाय जन्मापासून आखूड. मोहाडीच्या घरी आत्या म्हणायची, "ही पोरगी मागावर बसन कशी? पाय तं लोंबकळते." तुम्ही मला मागावर बसवलंत, स्वतः मागाखालच्या खड्ड्यात उतरलात आणि पायाने दाबायच्या डाव्या पावडीवर सागाच्या फळ्या एकावर एक ठेवत गेलात. "टेकला का, माय? खोटं नोको सांगू." पाय टेकला तसा तिथे ठोकळा ठोकलात आणि आत्याला म्हणालात, "पोरगी कायले बदलाची? पावडी बदलली ना." त्या ठोकळ्यावर पाय ठेवून मी निम्मं आयुष्य विणलं. तुमच्यासारखा माणूस पुन्हा भेटायचा नाही, असंच समजून होते.

तुम्ही गेल्यावर खुबा झिजला, मागावर बसणं सुटलं. नागपूरला सांधा बदलला, पाय सारखे झाले. पण काही वर्षांनी आतली वाटी सैल होऊन हाड झिजवत वर सरकली. पाय पुन्हा आखूड झाला आणि चालणं जवळजवळ बंद. दोन डॉक्टरांनी हात टेकले. नवी वाटी धरायला हाडच उरलं नाही, आता चाकाची खुर्ची, म्हणाले.

तिसऱ्या डॉक्टरीणबाई तरुण. त्यांनी स्कॅनवरून केलेला माझ्याच हाडाचा प्लॅस्टिकचा नमुना माझ्या हातात ठेवला. मोठं भगदाड होतं त्यात. त्या म्हणाल्या, "तयार मापाची वाटी इथे बसणार नाही, आजी. जेवढं हाड उरलंय, त्याच्या आकाराचीच करून घेऊ." मी रडता रडता हसले. बाई घाबरल्या. त्यांना काय सांगू, की खड्ड्यात उतरलेला माझा बापच मला समोर दिसत होता.

आता काठी घेऊन तळ्यापर्यंत जाऊन येते. पाय सारखे आहेत, सगळ्यांना कौतुक आहे, मलाही आहे. मागावर बसलं की मात्र डावा गुडघा वर येतो, ठोकळा अडतो. सुतार काढून देतो म्हणतो, मी टाळते आहे.

एक गोष्ट बाईंनाही सांगितली नाही. पाय पुन्हा आखूड झाला तेव्हा, भिंतीला धरत धरत मी एकदा मागापाशी गेले होते. बसले, आणि पाय ठोकळ्यावर बरोबर टेकला. खुबा ठणकत होता, बाबा, तरी मी बराच वेळ उठले नाही.