शाबूत काच

४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

दारं पावसात फुगतात हे मान्य, पण कोरड्या दिवसांत ती चौकटीत अडतात तेव्हा दोष लाकडाचा नसतो. आपला डोंगर ज्वालामुखीच्या थरांचा आहे. वरचा काळा खडक तडकलेला, त्यातून पाणी झिरपून खालच्या लाल मातीच्या थरावर साचतं. त्या निसरड्या थरावरून सगळा उतार, आपल्या घरासकट, वर्षाला बोट-दोन बोटं खाली सरकतो. भीती आहे ती त्याने वेग घेण्याची.

स्वयंपाकघरातल्या भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटव. बाबांच्या काचेच्या दुकानातले तुकडे असतीलच. भेग वाढली की काच तडकेल. तसं लगेच कळव, मग मी तुम्हाला हलवणार. बाबा आता मलाही ओळखत नाहीत, पण त्या घरात त्यांची पावलं चुकत नाहीत. म्हणून उगाच घाई करत नाही.

माया आहेच, काचेवर लक्षही असू दे.
तुझी दगडूबाई

१२ जून

चि. दगडूबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा तुला लहानपणी दगड वेचते म्हणून हसायचे, आता मी रोज भिंतीकडे टक लावून बसते. काच शाबूत आहे. अंगणातलं झाड मात्र बुंध्याशी वाकलंय.

हे हल्ली खुशीत असतात. दुपारी माझा डोळा लागला की हत्यारांची पेटी उघडून बसतात. काल मला म्हणाले, बाई, तुमचं काम शुक्रवारी मिळेल. मी हसले, आणि मग मोरीत जाऊन रडले.

जेवणाची हयगय करू नकोस.
तुझी आई

२० जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काच शाबूत आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तुमच्यासाठी खोली बघितली होती, ती तूर्त राहू दे. पावसाळा घरीच काढा.

तुझी दगडूबाई

९ ऑगस्ट

चि. दगडूबाईस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र शाळेच्या वर्गातून लिहिते आहे. आम्ही दोघं सुखरूप आहोत, हे आधी वाच.

परवा दुपारी जाग आली तर हे भिंतीशी. तडकलेली पट्टी खरवडून काढत होते, नवी कापून तयार होती. पेटीखाली तुटक्या पट्ट्यांचा ढीग सापडला. फुटकी काच दिसली की बदलायची, जन्मभर हेच केलं त्यांनी. पेटी काही त्यांनी सोडली नाही; त्यांचा हात धरला आणि तशीच निघाले. रात्रीत घर गेलं.

तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. मी खोटं लिहिलं नव्हतं ग, काच शाबूतच होती.

तुझी आई

१७ सप्टेंबर

चि. दगडूबाईस,
अनेक आशीर्वाद.

तू घेऊन दिलेली खोली चांगली आहे, उजेडाची आहे. पण हे दिवसभर भिंती चाचपत फिरतात. धड जेवत नाहीत, बोलत नाहीत. मला बघवेना. शेवटी आज मी हातोडीने खिडकीची काच फोडली. मालकांना सांगितलं, चुकून धक्का लागला; त्यांनी नवी काच आणून दिली.

ह्यांनी तुकडे वेचले, माप घेतलं, पेटीतल्या हिरकणीने नवी काच कापून बसवली. कडेने लांबीचा लगदा भरून अंगठ्याने सारखा केला. इतक्या दिवसांनी मला माझा माणूस दिसला. मी शेजारी बसून नुसती बघत राहिले.

मग त्यांनी हत्यारं पेटीत ठेवली, हात पुसले, चपला घातल्या, आणि म्हणाले, काम झालं, आता घरी जाऊ.

अजून दाराशी उभे आहेत. त्यांना काय सांगू, तेवढं कळव.

तुझी आई