नेल्सनच्या पुढची फांदी

१४ डिसेंबर, रविवार
थोरल्या दिरांनी, सेबेस्टियन भावोजींनी, घराण्याचं झाड ग्रुपवर टाकलं. नाताळनंतरच्या मेळाव्यात त्याचा मोठा फ्लेक्स लावणार आहेत. खापरपणज्यापासून सगळी नावं. पाचूबंदरचे, अर्नाळ्याला गेलेले, दुबईवाले. आमचं नाव शोधलं — नेल्सन, रोझलीन. खाली पांढरं. काहीच नाही.
आमची लेक किंजल नाही!
सिस्टरांच्या आश्रमातून आणली तेव्हा चार वर्षांची होती. आता नोकरी करते वालीवला. तीही आहे ग्रुपवर. तिने अंगठा टाकला. नुसता अंगठा.

१५ डिसेंबर
भावोजींना फोन केला. म्हणाले, "पोर गुणाची आहे, माझा काय राग नाय. पन झाड रक्ताचं असतं गो."
नेल्सन जाळं दुरुस्त करत ऐकत होता. मान वर केली नाही. जेवताना मी त्याला हवं-नको विचारलंच नाही.

१७ डिसेंबर, बुधवार
सकाळी चर्चमध्ये मिस्साला गेले. आजचं वाचन येशूची वंशावळ, मत्तयने लिहिलेली. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका. इतकी वर्षं या वाचनाला मी घरी काय शिजवायचं ते ठरवत बसायची. आज कान देऊन ऐकलं.
शेवटी येतो योसेफ. आणि तिथे "योसेफाला येशू झाला" असं नाहीच! मरियेचा पती योसेफ, आणि येशू जन्मला तिच्या पोटी. बस. म्हणजे अब्राहामापासून ओवत आणलेली माळ रक्ताने बघितली तर योसेफपाशीच तुटते. तरी मत्तय हिलाच येशूची वंशावळ म्हणतो. का? योसेफने बाळाचं नाव ठेवलं, आपलं म्हटलं, म्हणून?
मिस्सा संपली तरी बसून राहिले. बरं वाटत होतं.

१८ डिसेंबर
भावोजींकडे गेले. नेल्सन आपणहून बरोबर आला. मी योसेफचं सांगितलं. भावोजी चष्मा पुसत राहिले. "ते देवाचं काम. आपन साधी मानसं."
मी म्हटलं, "योसेफ तरी कोण होता, भावोजी? सुतारच ना!"
जाऊबाई हसल्या. भावोजी नाही हसले.

१९ डिसेंबर
नवीन झाड आलं. किंजल आहे! पुढे कंसात — दत्तक.
नेल्सनने फोन लावला. "कंस काढ. नायतर मला पन काढ." आणि ठेवून दिला. पुन्हा जाळं घेऊन बसला, जसं काही झालंच नाही.
माशाची तुकडी त्याच्या ताटात मोठी वाढली.

२०
कंस गेला.

२१ डिसेंबर, रविवार
मला वाटलं, किंजल खूश होईल. झाली. मोबाईल जवळ धरून बघत बसली. मग म्हणाली, "आई, मत्तयने त्या बायकांची नावं घातलीत ना? तामार, राहाब, रूथ — लोक ज्यांना लपवतील अशा?"
मी हो म्हटलं.
"मग माझ्या त्या आईचं नाव कुठे येणार?"
मी म्हटलं, ते आपल्याला कुठे माहीत आहे, बाळा.
"सुनंदा," ती म्हणाली. "कामणला असते. गोडाऊनमध्ये पॅकिंगला. सिस्टरांनी आधी तिला विचारलं, मग नंबर दिला. मी भेटते तिला. पावसाळ्यापासून."
पावसाळ्यापासून! आणि मला आज कळतंय. ओट्याकडे वळून भांडी घासायला लागले. ती घाबरून म्हणाली, "तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले गं."
वाटलंच. खोटं कशाला लिहू.

२३ डिसेंबर
दोन दिवस नीट बोलले नाही. मनात काय काय आलं. योसेफचा दाखला देत मी भावोजींशी भांडले — पण मरियेला, त्या जन्म देणाऱ्या आईला, कोणी घराबाहेर ठेवलं नव्हतं! हे मलाच सुचलं, आणि सुचलं तेव्हा मी राग करत होते.
संध्याकाळी नेल्सनला विचारलं, काय करू? "जेवायला बोलाव," म्हणाला. त्याला सगळं एवढं सोपं कसं दिसतं?

२४ डिसेंबर
फोन मीच केला. सुनंदाला म्हटलं, उद्या जेवायला या. ती म्हणाली, "येते, ताई."
तळायच्या गोड फुग्यांचं पीठ जास्त भिजवलं.

२५ डिसेंबर
सुनंदा आली. बारीक अंगाची, धुतलेली इस्त्रीची साडी. जेवताना मी सहज म्हटलं, घर सापडायला त्रास नाही ना झाला? मान खाली घालून म्हणाली, "घर नव्हतं माहीत, ताई. तुमचं चर्च माहीत आहे, सिस्टरांनी तेवढंच सांगितलं होतं. दर नाताळला सकाळी येऊन मागं उभी राहायची. पोर केवढी झाली, एवढं बघायचं आणि जायचं."