जाधवसरांची शाल

आखातातलं नईम, शुक्रवार संध्याकाळ

बाहेर अंगाची लाही होतेय आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाने आज जाधवसरांना लोकरीची शाल पांघरवली. काय म्हणावं यांना?

मंडळाची फुटबॉल टीम छोट्या लीगमधली, सर तिचे कोच. या कोल्हापूरच्या माणसाने तिला कप मिळवून दिला, तसं शेजारच्या रिफा शहरातल्या मोठ्या क्लबने त्यांना कोच म्हणून बोलावलं. तरी ते लगेच गेले नाहीत. कमिटीला म्हणाले, "राहतो की. फक्त टीम मी निवडणार. अध्यक्षांच्या जावयाला गोलमध्ये उभा करणार नाही."

त्यावर कमिटीने काय केलं? सत्कार ठेवला. यांना वाटतं, माणूस हारतुऱ्यांनी थांबतो. 'सर आपल्या घरचेच' म्हणून अध्यक्ष तासभर बोलले. टीम कोण निवडणार, यावर अवाक्षर नाही. जावई पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता. मीही वाजवल्या. का, कोण जाणे.

सरांनी उठून शालीची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली. "रिफाला होय म्हणून सांगतो," एवढंच बोलले आणि निघून गेले.

अध्यक्षांनी ती शाल उचलून झटकली. म्हणाले, "कोरीच आहे. पुढच्या कोचला होईल."